पंचवीस मेगावॅटचा डबा

बीडमध्ये एसी बसवायला गेलेल्या माणसाला आधी भिंतीची हमी द्यावी लागते. 'दीड टन' म्हटलं की घरातला कर्ता माणूस भिंतीकडे बघतो, मग छताकडे आणि मग माझ्याकडे. नेकनूरच्या एका म्हाताऱ्या मालकांनी तर मला तोंडावरच विचारलं, "मिस्तरी, दीड टन ऊस वढताना माझ्या बैलांच्या तोंडाला फेस येतो. आन तुमी त्यो ह्या चार खिळ्यांवर टांगणार? खाली माझी खाट हाय." मी एसी एका हातानं उचलून दाखवला. त्यावर त्यांचा संशय आणखी वाढला. दीड टनाचे पैसे घेऊन मी पन्नास किलोसुद्धा माल देत नाही, असं त्यांनी शेजाऱ्याला ऐकवलं. शेवटी एसी बसला. मालकांनी तो अख्खा उन्हाळा ओसरीवर खाट टाकून काढला आणि एसीच्या गारव्यात घरचं मांजर झोपलं.

या टनाचा वजनाशी संबंध नाही असं म्हणता येत नाही, हीच पंचाईत आहे. पूर्वी गारवा पाहिजे तर बर्फाची लादी आणत. एक टन बर्फ एका दिवसरात्रीत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता तेवढ्याच वेळात खोलीबाहेर काढणारं यंत्र म्हणजे एक टनाचं. बर्फ गेला, लादीवाले गेले, टन तेवढा राहिला.

तेवढ्यावर भागलं असतं तर मी सुखी झालो असतो. पण या धंद्यात एकच गोष्ट चार नावांनी हाक मारावी लागते. विजेवाला वॅट म्हणतो. एसीच्या डब्यावर बीटीयू लिहिलेलं असतं. डेअरीतले जुने लोक किलोकॅलरीत बोलतात. लिटरभर पाणी एक अंशानं तापवायला लागते ती एक किलोकॅलरी. आणि गिऱ्हाईक टनात विचारतं. आपल्याकडे शेत एकच असतं, पण सातबाऱ्यावर ते हेक्टरमध्ये असतं, बोलताना एकरात आणि भावाभावांत भांडण लागलं की गुंठ्यात. तसंच हे. एक वॅट म्हणजे तासाला जवळजवळ साडेतीन बीटीयू, नेमकं सांगायचं तर तीन पूर्णांक चार. तोच वॅट किलोकॅलरीत मोजला तर तासाला एकालाही कमी, शून्य पूर्णांक शहाऐंशी. बारा हजार बीटीयूंचा एक टन. हे आकडे मला झोपेतून उठवून विचारा. आमच्या सौभाग्यवतींनी एकदा खरंच उठवून विचारले होते. मी बरोबर सांगितले आणि पुन्हा झोपलो, त्याचा तिला आजही राग आहे. आता हे सगळं मोबाईल करून देतो. माझा मुलगा दुकान बघतो, तो बोट फिरवतो आणि आकडा येतो. माझी विद्या अशी फुकट गेली याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू.

या विद्येमुळे मला माणसंसुद्धा वॅटमध्ये दिसतात. नुसता बसलेला माणूस अंगातून साधारण शंभर वॅट उष्णता टाकत असतो, जुन्या पिवळ्या बल्बएवढी. तलवाड्याकडच्या एका पुढाऱ्यांनी बैठकीच्या खोलीत एक टनाचा एसी लावून घेतला आणि महिनाभरात मला बोलावून झापलं, "तुमचा एसी गार करत न्हाई, नुसता घोरतोय." खोलीत चाळीसेक कार्यकर्ते दाटीवाटीनं बसलेले. मी म्हटलं, "साहेब, तुमचे कार्यकर्तेच चार किलोवॅटचे आहेत. एक टन म्हणजे साडेतीन. एसी ह्यांनाच पुरत नाही, खोलीला काय देणार?" पुढारी विचारात पडले. म्हणाले, "टन वाढवू का कार्यकर्ते कमी करू?" मी म्हटलं, निवडणूक होऊ द्या, मग बघू. निवडणुकीत ते पडले. नंतर सर्व्हिसिंगला गेलो तेव्हा ते एकटेच स्वेटर घालून बसले होते. "आता झकास गार होतंय बगा," म्हणाले, आणि मला बळंच चहाला थांबवून घेतलं.

पण हे सगळे आकडे छातीठोकपणे सांगूनही माझी जी फजिती झाली, ती पाटोद्याच्या पुढच्या एका गावात. तिथं गयाबाई दूध संकलन केंद्र चालवायची. घर मेंढपाळांचं. सासरे, ज्यांना सगळं गाव आबा म्हणतं, त्यांचा जन्म मेंढरांमागे गेला. नवरा अजूनही कळप घेऊन फिरतीवर असे, व्यायला आलेल्या मेंढ्या तेवढ्या आबांपाशी घरी राहत. गयाबाई मात्र दहावी शिकलेली, धीट आणि तोंडाची फटकळ. आबांनी स्वतःच्या जागेत दोन खोल्या बांधून दिल्या. पुढच्या खोलीत हजार लिटरचा दुधाचा कूलर, म्हणजे चकचकीत स्टीलचा मोठा हौद, आणि मागच्या खोलीत त्याचं यंत्र. संध्याकाळी गाव दूध आणून घालायचं, रात्रीतून ते चार अंशांवर यायचं आणि पहाटे टँकर घेऊन जायचा. आधी गयाबाईला गाव 'आबाची सून' म्हणे. केंद्र आल्यावर आबांना 'गयाबाईचा सासरा' म्हणायला लागलं, आणि म्हाताऱ्याला त्याचा कोण अभिमान!

थंडी सुरू झाली आणि दूध बिघडायला लागलं. रोज नाही, मधूनच. पहाटे हौदातलं दूध चारऐवजी अकरा-बारा अंशांवर निघायचं आणि टँकर ते न घेता निघून जायचा. उन्हाळ्यात ज्या यंत्रानं कधी तक्रार केली नाही, ते थंडीत हात टेकत होतं. दूध संघाच्या साहेबांनी गयाबाईला निरोप धाडला, की असंच चाललं तर केंद्र बंद करून कूलर दुसऱ्या गावाला हलवू.

कूलरची दुरुस्ती माझ्याकडे होती. मी दोनदा जाऊन आलो. बीडहून निघून पोचायला दुपार व्हायची. दोन्ही वेळेला यंत्र चालू करून पाहिलं, गॅस पाहिला, मागची खोली पाहिली. खिडकी उघडी, खोली झाडून लख्ख, यंत्राचा पंखा मजेत फिरतोय. पाणी भरून चाचणी घेतली तर पाणी दात ठणकतील इतकं गार झालं. मी काय दुरुस्त करणार? जे बिघडलेलंच नाही ते दुरुस्त करायला या धंद्यात सगळ्यात जास्त अक्कल लागते, आणि ती मला सुचत नव्हती.

तिसऱ्यांदा गेलो तर केंद्रासमोर निम्मं गाव जमलेलं. मधोमध दगडूतात्या. तात्या विजेच्या खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे विजेच्या बाबतीत गावात त्यांचा शब्द अखेरचा. त्यांनी हौदाच्या झाकणावर बसवलेल्या एका पांढऱ्या डब्याकडे काठी रोखली होती.

हा डबा दूध संघानं नवीनच बसवलेला. साबणाच्या वडीएवढा. आत सिमकार्ड, बाहेर लाल दिवा. पहाटे टँकर यायच्या वेळेला दुधाचं तापमान साहेबांच्या मोबाईलवर कळवायचं, एवढंच त्याचं काम. गावाच्या मते हे चुगलीचं काम होतं, आणि दूध बिघडायला लागलं तेही डबा आल्यापासूनच. त्यामुळे डब्यावर कुणाचाच जीव नव्हता.

"या मिस्तरी," तात्या म्हणाले. "तुमाला जे घावलं न्हाई ते मला घावलं. वाचा ह्यो कागूद."

डब्याच्या बुडाला कागदी चिठ्ठी चिकटवलेली होती. तिच्यावर इंग्रजीत पंचवीस हा आकडा आणि पुढे दोन अक्षरं, एम आणि डब्ल्यू.

"पंचवीस मेगावॅट!" तात्या जमावाकडे वळले. "आरं, परळीच्या थर्मलचा येक संच बंद पडला की किती मेगावॅट गेले त्ये पेपरात येतं का न्हाई? तेच्यातले पंचवीस मेगावॅट ह्या डब्यात कोंडलेत. दूध तापंल न्हाई तं काय व्हईल?"

गर्दीतून एकदम 'अगं माय' असा आवाज आला. एका बाईनं पोराला मागं ओढलं. तात्यांना हसू नका. आपल्या जिल्ह्यात लहान पोरालाही मेगावॅट ठाऊक असतो, कारण परळी आपली. मिलिवॅट नावाची चीज कुणी कशाला ऐकली असेल? आणि चूक तात्यांची नव्हतीच. मेगाचा एम मोठा काढायचा आणि मिलिचा बारका, असा नियम आहे. चिठ्ठी छापणाऱ्यानं सगळीच अक्षरं ठसठशीत मोठी छापून टाकली होती. त्या एका अक्षराच्या उंचीत अब्जाचा फरक पडतो. तात्यांनी जे लिहिलं होतं तेच वाचलं.

मला मात्र चेव आला. वर्षानुवर्षं डोक्यात सांभाळलेले आकडे एकदा तरी चारचौघांत सांगायची संधी चालून आली होती. मी केंद्राच्या ओट्यावर उभा राहिलो.

"तात्या, पंचवीस मेगावॅट म्हणजे सात हजार टनांहून जास्त. एवढा शेक या हौदात सोडला तर हजार लिटर दूध पंधरा सेकंदांत उकळून उतू जाईल. इथं दूध बारा अंशांवर येतंय. बारा अंशांवर कुणी चहा तरी पिईल का?"

लोक हसले. मी आणखी फुललो. "हा मिलिवॅट आहे. वॅटचा हजारावा हिस्सा. असे पंचवीस. त्याचे बीटीयू केले तर तासाला एका बीटीयूचा जेमतेम बारावा हिस्सा. किलोकॅलरी केल्या तर तासाला शून्य पूर्णांक शून्य दोन. डब्यातला सगळाच्या सगळा शेक दुधात उतरला आणि यंत्र बंद ठेवलं असं धरा. तरी हे दूध एका अंशानं तापायला किती काळ लागेल? पाच वर्षं!"

मी टाळ्यांसाठी थांबलो. मागून कुणीतरी म्हणालं, "पाच वर्सांत येक अंश? मंग ह्यो डबा न्हाई बे, आमदार हाय!"

टाळ्या त्याला मिळाल्या.

हसण्याचा भर ओसरल्यावर गयाबाई पुढे आली. ती हसली नव्हती. "मिस्तरी, तुमचा हिशेब बराबर आसंल. डबा दूध तापवीत न्हाई, पटलं मला. पण दूध तं तापतंय. मंग कावून तापतंय त्ये सांगा."

मी ओट्यावरून खाली उतरलो.

"उद्या सकाळच्याला साहेब यायलाय," ती हळू आवाजात म्हणाली. "कूलर न्यायाचा का ठिवायचा त्ये ठरवायला. केंद्र गेलं की मी काय करू? पुन्ना मेंढरामागं जाईन, त्येचं काय न्हाई. पण ह्या गावातल्या बायकांनी माझ्या शब्दावर म्हशी घेतल्यात." मग जरा थांबून म्हणाली, "तुमी येता दुपारच्याला आन दूध बिघडतं रातच्याला. आज मुक्काम करा की."

इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. बीडची एसटी सोडून दिली आणि राहिलो.

दिवेलागणीला दूध आलं. गयाबाईनं माप घेतलं, हौद भरला, मी स्वतः बटण दाबलं. काटा खाली यायला लागला. आम्ही दोघं त्या काट्याकडे नवस बोलल्यासारखे बघत बसलो. बाहेर गार वारं सुटलं होतं. काटा अर्ध्यावर आला आणि मागच्या खोलीत खट्ट असा आवाज होऊन यंत्र बंद पडलं. वीज होती. दिवे चालू होते. थोड्या वेळानं यंत्र आपोआप सुरू झालं, जरा चाललं, पुन्हा खट्ट.

हा आवाज मी ओळखतो. यंत्राला जास्त तापायला झालं की ते जीव वाचवायला स्वतःच बंद होतं. पण थंडीच्या दिवसांत, उघड्या खिडकीच्या खोलीत ते तापेल कशानं? मी मागच्या अंगाला गेलो. खिडकी उघडी नव्हतीच. तिच्यावर बाहेरून गोणपाटाचे जाड पदर अडकवलेले. दार लोटलेलं. फटीला चिंध्या कोंबलेल्या. दार ढकललं आणि बाळंतिणीच्या खोलीसारखी ऊब तोंडावर आली.

आत कोकरं होती. यंत्राच्या अवतीभवती, पंख्याच्या पुढं, एकमेकांच्या अंगावर, जिथं जागा मिळेल तिथं. काही इतकी नवी की अजून अंगाची लव ओली. त्यांच्या मधोमध आबा मांडी घालून बसलेले, मांडीवर एक, काखेत एक.

"हळू बोला मिस्तरी," ते म्हणाले. "आत्ताच निजलीत."

मी दारातच बसलो. आबाच आनंदानं सांगायला लागले. "लई ब्येस यंत्र हाय तुमचं. पुढनं दूध गार करतं आन मागनं खोली गरम. मागल्या थंडीत माझी लई कोकरं गेली. औंदा येकबी न्हाई. म्हणलं, शेक फुकटच चाललाय तं लेकरांना कावून देऊ नये? गारठा जास्त आसला की सांजच्याला आणतो, खिडकी बुजवतो, पहाटं समदं काढून खोली झाडून ठिवतो. गया रातच्याला हिकडं येत न्हाई, पर तिला घाण चालत न्हाई ना."

म्हणून दुपारी मला खोली लख्ख दिसत होती.

मी आबांना समजावलं, जितकं सोपं करता येईल तितकं. कूलर गारवा तयार करत नाही. तो दुधातला शेक काढतो आणि मागच्या बाजूनं बाहेर फेकतो. तुम्हाला जी ऊब लागते ती दुधाचीच आहे. खिडकी बंद केली की फेकलेला शेक खोलीतच साचतो, यंत्राला तो टाकायला जागा उरत नाही, मग ते बंद पडतं, आणि दूध आहे तसंच राहतं. कोकरांच्या अंगची ऊब त्यात थोडी भर घालते. एक कोकरू अंदाजे पंधरा वॅटचं धरलं तर सहाशे डब्यांएवढं, हा हिशेब माझ्या मनात झाला, पण तेव्हा तो मोठ्यानं सांगायची इच्छा झाली नाही.

कारण आबांचा चेहरा उतरत चालला होता. "म्हंजी गयाचं दूध मी नासवत हुतो?"

माझ्या पाठीमागून गयाबाई आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. खिडकीवरचे गोणपाट तिनं ओढून काढले आणि कोकरं दोन-दोन उचलून घरात नेऊन ठेवली. त्यांच्यावर घरातली पांघरुणं घातली. पण तोवर दूध बिघडलेलं होतं, पहाटेचा टँकर हौदाकडे बघून तसाच गेला.

सकाळी मी तोंड धूत होतो तेव्हा ती जवळ आली. "मिस्तरी, साहेब आले की डब्याचं नाव घ्या."

"काय?"

"डब्यानंच बिघडलं म्हणा. आबाचं नाव निघालं तं त्ये गावात मान वर काढायचे न्हाईत. मेंढरं घिऊन निगून जातील कुठंतरी, ह्या वयात. रातभर जेवले न्हाईत त्ये."

"अहो गयाबाई, काल निम्म्या गावासमोर मी त्या डब्याला निर्दोष सोडवलंय! पाच वर्षं लागतील म्हणालो! आज कसं सांगू?"

"कालचं इसरलेत लोक. त्येंना निस्ता आमदार ध्यानात हाय."

हे खरं होतं.

साहेब आले. पोरसवदा माणूस, गळ्यात ओळखपत्र, भाषा छापील. मनानं वाईट नव्हता; त्याच्यावरही वरचे लोक बसलेले असणार. काल जमलेले सगळे आज पुन्हा जमले, पुढे दगडूतात्या. आबा कुठे दिसत नव्हते.

"मिस्त्री, तुमचं निदान काय?" साहेबांनी विचारलं.

मी गयाबाईकडे पाहिलं. घसा खाकरला. आयुष्यभर जपलेले आकडे माझ्या डोळ्यांपुढून एकेक करून निघून गेले. "आता… तसं बघायला गेलं तर… डब्याबद्दल शंका घ्यायला थोडी जागा आहे."

"थोडी?" तात्या गरजले. "पंचवीस मेगावॅट जागा हाय!"

साहेबांनी मान डोलावली. "ठीक आहे. मग डबा तपासणीला पाठवावा लागेल. त्याचा अहवाल येईपर्यंत हे केंद्र बंद राहील. कूलर तोवर आपण पुढच्या गावाला वापरू."

गयाबाईचा चेहरा पांढराफटक पडला. आम्ही दोघांनी मिळून नेमकं तेच करून ठेवलं होतं जे टाळायचं होतं. माझ्या शब्दाला मीच सुरुंग लावला होता.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. आबा आले. फेटा नीट बांधलेला, काखेत एक कोकरू. ते सरळ साहेबांपुढं गेले आणि कोकरू त्यांच्या हातात ठेवलं. साहेबांनी ते घेतलं, कारण न घेतलं असतं तर पडलं असतं.

"ह्यो घ्या तुमचा मेगावॅट," आबा म्हणाले. "आसे आजून लई हायत घरात. रातच्याला मी तेंना यंत्राच्या खोलीत निजवत हुतो, खिडकी बुजवून. यंत्राचा जीव घुसमटला आन दूध बिघडलं. डब्याचा दोष न्हाई, मिस्तरीचा न्हाई, आन माझ्या सुनंचा तं न्हाईच न्हाई. तिला ठाव बी नव्हतं. दंड काय आसंल तो मला लावा. केंद्र तिचं हाय, त्ये नेऊ नका."

कुणी हसलं नाही. कोकरू मात्र साहेबांच्या ओळखपत्राची दोरी चोखायला लागलं होतं. साहेबांनी ती सोडवायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. त्यांनी कोकराला छातीशी जरा सावरून धरलं आणि त्यांची छापील भाषा एकाएकी कुठल्या कुठे गेली.

"आयला, लई गरम हाय की हे!"

मग गाव हसलं. तात्या सगळ्यांत जास्त. "मी म्हणलं नव्हतं का, शेक कुठनंतरी यायलाय म्हणून!" असं ते ज्याला त्याला सांगायला लागले आणि त्यात कुणाला काही खोट काढता आली नाही.

साहेबांनी मला विचारलं, "खिडकी उघडी ठेवली तर यंत्र चालेल?"

"चालेल. मी लिहून देतो."

"लिहून नको. उद्या पहाटे चार अंश दाखवा. दाखवले तर केंद्र इथंच. नाही तर माझा नाइलाज आहे."

आबा म्हणाले, "कोकरं मी घरातच ठिवतो."

"घरात किती दीस ठिवताल?" गयाबाई एकदम बोलली. तिचा आवाज परत आला होता. "मिस्तरी, शेक खिडकीतनं भाईर जातो ना? मंग भाईरच खोप करू. खिडकीला लागून न्हाई, जरा सोडून, म्हंजी यंत्राची वाट आडायची न्हाई. गरम वारं कोकरांवर जाईल. जमंल का?"

इतकी वर्षं मी खोल्याखोल्यांतला शेक बाहेर हवेत फेकत आलो, तो कुणाच्या तरी अंगाला लावता येईल हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. मी म्हटलं, जमेल. दुपारभर तुराट्या, पत्रे आणि जुनी ताडपत्री यांची खोप उभी राहिली. तात्या कुणी न सांगता पक्कड घेऊन आले आणि तारा त्यांनी बांधल्या. खिडकीपासून किती अंतर सोडायचं ते मी ठरवलं. संध्याकाळी यंत्र सुरू केलं तेव्हा गरम वारं खोपीत शिरलं आणि कोकरांनी माना खाली टाकल्या. यंत्र एकदाही थांबलं नाही.

पहाटे टँकर आला. साहेब पुन्हा आले नव्हते. डबा कळवणारच होता. ड्रायव्हरनं झाकण उघडून तापमापी बुडवली. गयाबाई नळी हातात धरून उभी. मी उगाचच पाना पुसत होतो. आबा भिंतीला टेकून उभे होते, मेंढरं सोडायची वेळ टळून गेली तरी.

"चार," ड्रायव्हर म्हणाला.

आबांनी सुनेकडे पाहिलं. "चार म्हंजी पास का गं?"

"पास, आबा."

"मंग मेंढरं सोडतो," असं म्हणून आबा निघाले, दोन पावलं गेले आणि ओट्यावर मटकन बसले. फेट्याचा शेव त्यांनी डोळ्यांवर ओढून घेतला. गयाबाईनं नळी तिथंच टाकली आणि त्यांच्याजवळ जाऊन बसली. ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, कारण ड्रायव्हर सारखा हॉर्न वाजवत होता.